गिटारला लावलेली बेंजोची तार

गेल्या रविवारी सिटी चौकाजवळच्या एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात दीड तास बसले होते... एका तारेसाठी. त्या तारेमागं आठ महिने गेलेत, म्हणून आज सगळं लिहून काढतेय.

मी करमाड गावची. शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे आणि दर रविवारी गिटार क्लाससाठी शहरात येते. वय तेवीस, आणि वेड आहे ते पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीच्या रॉक अँड रोलचं. कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर आपोआप एक गाणं लागलं होतं, तिथून हे सुरू झालं. आमच्या घरात कुणालाच कळेना की हिनं हे कुठून उचललं.

एक जुनी रेकॉर्ड आहे. फारशी कुणाला माहीत नाही. त्यात मधे वीस सेकंद फक्त गिटार वाजते आणि त्यात एक तार अशी ताणलीय की सूर चढत चढत रडायला लागतो... ती वीस सेकंदं मला वाजवायची होती. बस.

जमेना. माझ्या गिटारची तिसरी तार जाड, गुंडाळलेली. ताणायला गेलं की बोट कापायचं पण सूर अर्ध्यावरच अडकायचा. क्लासचे सर म्हणाले, "तुझा हात लहान आहे. मुलींच्या बोटांत तेवढा जोर नसतो. तू कॉर्ड धर आणि गा, सोलो दुसरं कुणीतरी वाजवेल."

सर वाईट नाहीत. पण ते वाक्य मला लागलं. रोज ड्युटीवरून आल्यावर एक तास फक्त ती एकच जागा वाजवायची, असं ठरवलं. बोटांना फोड आले, फुटले, परत आले. आई म्हणाली, "लई झालं आता. हाताला पट्ट्या बांधून कंपनीत जातीस, लोक काय म्हणतील?" मी पट्टी बदलली आणि परत बसले.

मग त्या रेकॉर्डच्या व्हिडिओखालच्या कमेंट्स वाचत असताना एक ओळ दिसली. कुणीतरी चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं, ही गिटार माझ्या आजीनं वाजवलीय, कव्हरवर तिचं नाव छापलं नाही.

आजीनं... मी ते वाक्य कितीतरी वेळा वाचलं. इतके दिवस मी समजत होते की वाजवणारा कुणी दांडगा पुरुष असणार.

मी कमेंटला उत्तर लिहिलं. दोन महिने काहीच नाही. परत लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना स्वतःचाच थोडा राग आला, पण लिहिलं. चौथ्या वेळी ती कमेंट लिहिणाऱ्या नातीचा मेसेज आला. आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकायला कमी येतं, पण व्हिडिओ कॉलवर बोलतील.

सकाळी सात वाजता कॉल लागला. तिकडे, परदेशात, आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझी अडचण सांगितली, नातीनं ती आजींच्या कानाशी मोठ्यानं सांगितली. आजी हसल्या आणि त्यांनी स्वतःचा हात कॅमेऱ्यासमोर धरला. संधिवातानं बोटं वाकलेली... पण हात माझ्याएवढाच.

म्हणाल्या, "मलाही सगळे हेच सांगायचे, हात लहान आहे. हात ठीक होता, तार चुकीची होती."

मग सांगितलं. पहिल्या तारेच्या जागी त्या बँजोची बारीक तार लावायच्या. मूळची पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या जागी, अशा सगळ्या एकेक घर सरकवायच्या. सगळ्यात जाड तार काढून टाकायची. मग तिसऱ्या जागेवर साधी, बारीक तार येते आणि हवी तेवढी ताणता येते.

बँजो म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर आपल्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो आला. तशीच मी रविवारी सलीमचाचांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेले. चाचा चाळीस वर्षं बेंजो आणि हार्मोनियम दुरुस्त करतात. म्हणाले, "बेटा, उनका बँजो अलग रहता, अपना अलग. मगर तार तो तार है. बैठो."

बेंजोच्या तारेच्या टोकाला नुसता फास असतो, गिटारला कडी लागते. चाचांनी जुन्या तुटक्या गिटारच्या तारेची कडी काढली, बेंजोच्या तारेत ओवली आणि पक्कडीनं पीळ दिला. दोनदा तार तुटली. तिसऱ्यांदा पहिल्या जागेवर बसली. बाकीच्या तारा आजींनी सांगितल्या तशा एकेक घर सरकवल्या. चाचांनी सगळ्या छेडून बघितल्या आणि मान हलवून गिटार माझ्या हातात दिली.

मी तिथंच, दुकानाच्या स्टुलावर बसून, ती जागा वाजवली. सूर चढला... अडकला नाही. चाचा हातातलं काम थांबवून ऐकत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

तिथून सरळ क्लासला गेले आणि सरांसमोर, क्लासमधल्या सगळ्यांसमोर वीसच्या वीस सेकंदं वाजवली.  सरांनी गिटार मागून घेतली, तारा एकेक तपासल्या आणि म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं. मी तुला चुकीचं सांगितलं." क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात सोलो आता मी वाजवणार आहे. एवढ्या लोकांसमोर चूक कबूल केली, यामुळे सरांबद्दलचा मान माझ्या मनात वाढलाच.

क्लासमधल्या वाजवण्याचा व्हिडिओ आजींना पाठवला होता. काल नातीचं उत्तर आलं. आजींनी कानाला हेडफोन लावून तीन वेळा ऐकला. खूप आनंद झालाय... पण त्यांचं म्हणणं आहे की शेवटचा सूर अजून केसभर वर जायला हवा.

आज ड्युटीवरून आल्या आल्या तेवढाच सूर घोटत बसलेय. सातासमुद्रापलीकडं कुणीतरी माझी चूक इतकं मन लावून ऐकली, याहून मोठी शाबासकी मला सुचत नाही.