शेंदूर लावलेला पट्टा

बाबांच्या गाडीचा पट्टा दसऱ्याच्या आठवडाभर आधीच चिरकायला लागला होता. इंजिनाच्या पुढच्या बाजूला पुल्यांवरून फिरणारा हा रबरी पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो चालवतो. तो गेला की पाणी उकळतं आणि गाडी जागच्या जागी थांबते. एवढं मी पुस्तकात वाचलं होतं, म्हणून नवा पट्टा लगेच आणूनही ठेवला होता. पण बाबा निवृत्त मुख्याध्यापक. समारंभाशिवाय काही सुरू झालेलं त्यांना खपत नसे. शाळेत पाण्याचा नवा माठ आला तेव्हाही त्यांनी फीत कापली होती.

"दसरा तोंडावर हाये. पूजेबिगर लावाचा नाई," ते म्हणाले.

दसऱ्याला पाने, पकडी आणि पट्टा पाटावर मांडले गेले. आमच्याकडे अवजारांना हळद-कुंकू वाहतात. बाबांनी मात्र तेलात कालवलेला शेंदूर पट्ट्याला आतून-बाहेरून फासला. पट्टा आतल्या बाजूनेच पुलीला धरतो आणि त्याला तेलाचा थेंबही लागू नये, हे मला माहीत होतं. मी गप्प बसलो. सणाच्या दिवशी वाद नको, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला गंमत वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर ब्रह्मपुरीहून निरोप आला. आत्याला श्वास लागत होता, ती बाबांना बोलवत होती. मोठ्या दवाखान्यात न्यायची तर गाडी हवी होती.

"बसनं जाऊ," मी म्हणालो. "तिथून जीप करू."

"जीपमंदी तिले मांडीवर घेऊन आणतं का? मांगच्या सीटवर झोपवून आणाची हाये. लाव पट्टा."

त्यांचं बरोबर होतं. त्यात आत्याच्या दारात गाडीतून उतरण्याची हौस किती होती, हे मला आजही ठरवता येत नाही.

जुना पट्टा निघेना, म्हणून घाईत सुरीने कापला. नवा फडक्याने पुसला, चढवला, डायनामो पहारीने बाहेर रेटून बोल्ट आवळले. गाडी सुरू केली. पट्टा किंचाळला आणि पुलीवर जागीच घसरू लागला. पंखा आळशासारखा फिरत होता.

"आणखी ताण," बाबा म्हणाले.

ताणला. जळक्या रबराचा वास आला. रॉकेलने पुसला, तर शेंदूर पसरून तेल आणखी आत मुरलं. थोड्याच वेळात रेडिएटरच्या झाकणातून वाफ निघाली आणि इंजिन बंद करावं लागलं. बाबा धोतराचा सोगा हातात धरून फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. एव्हाना ब्रह्मपुरीची बस निघून गेली होती.

समोर राहणारे, गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री आवाज ऐकून आले. पट्ट्यावर बोट फिरवून त्यांनी ते हुंगलं.

"काऊन भाऊ, इंजिनात भजे तळून राह्यले का?"

"पूजा केली होती," मी म्हणालो.

"गुरुजी, पूजा बोनटची कराची. पट्टा कोरडाच पायजे. आता हा कामाचा नाई राह्यला."

बाबांनी मान खाली घातली. शाळेतल्या पोरांना ते जसं उभं करत, तसे उभे होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायला दुपार होते. मिस्त्री स्वतःच सायकलवर गेले आणि दुकानदाराला घरून उठवून पट्टा घेऊन आले. दहा मिनिटांत बसवला, अंगठ्याने दाबून ताण पाहिला आणि म्हणाले, "जा आता. थांबू नका कुठी."

गाडी इतकी सुरेख चालली की मला तिचा राग आला. मूल गाव मागे पडलं, सिंदेवाही गेलं. दोन्ही बाजूंना धानाची लोंबं वाकलेली होती. मागच्या सीटवर बाबांनी उशी आणि पांघरूण ठेवलं होतं. वळणावर उशी पडली की हात मागे नेऊन ती ते पुन्हा सरळ करत.

आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी पुरुष उपरणी खांद्यावर टाकून उभे होते. बाबांनी ते दुरूनच पाहिलं.

"गाडी इथीच थांबव."

आम्ही चालत गेलो. आत्याचा मुलगा बाबांच्या गळ्यात पडला. "मामा, तासभर आंधी आले असते ना! दाराकडेच पाहून राह्यली होती."

बाबा अंगणात खाली बसले. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि अशा घरात विचारतात तसं विचारलं, "कशानं आले, भाऊ?"

"बसनं," बाबा म्हणाले.

मी किल्ली मुठीत घट्ट धरली. एक म्हातारा हळहळला, बसचा काही भरवसाच राह्यला नाई, म्हणाला. दुसऱ्याने दुजोरा दिला. मग ते दोघं बराच वेळ बसला शिव्या देत बसले, आणि बाबा मान डोलवत राहिले.