वहिनीच्या अंगठ्याबद्दल डॉक्टर जे बोलले होते

वहिनीच्या अंगठ्याबद्दल डॉक्टर मला जे बोलले, ते मी तिला सांगितलं नाही. भावाला नाही, बायकोलाही नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

राळेगावला एसटीतून उतरताना गाडीला हिसका बसला. वहिनीने दांडा धरलेला होता, अंगठा बाहेरच्या बाजूला पार वाकला. भाऊ कापूस वेचणाऱ्या बायांमागे शेतात, म्हणून दवाखान्यात मी नेलं. डॉक्टरांनी हात तपासून एक्स-रे काढायला लावला. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बाई बाहेर बाकावर, आणि फोटो घेऊन आत मी. दुखणं तिचं आणि ऐकणारा मी! या रीतीचा आज संताप येतो. तेव्हा तीच माझ्या सोयीची पडली.

डॉक्टरांनी माझाच अंगठा बुडाशी धरून बाहेर रेटला. थोडा जाऊन तो अडला.

"याले कोण अडवते? हाड नाही. हाडाले हाड बांधून ठेवणारी पट्टी असते, दोन्ही बाजूंनी. वहिनींची बोटाकडची पट्टी तुटली. चिमटीत काही धरलं की सगळा जोर तिथंच येते. फोटोत ते दिसत नाही. याच आठवड्यात यवतमाळले न्या, शिवावं लागेल."

"नाही शिवलं तं?"

"मंग अंगठा जन्मभर ढिला."

बाहेर आलो. आभाळ भरून आलेलं, कापूस फुटलेला, वेचायला माणूस मिळत नव्हतं.

"काय म्हणे डॉक्टर, भाऊजी?"

"हाडाले काही नाही झालं, वहिनी."

"मंग दुखून काहून राह्यलं?"

"मुका मार हाये. जाईन."

पहिलं वाक्य खरं होतं. त्या खऱ्याच्या आडच मी लपलो.

घरी आई कडाडली, "हाड शाबूत हाये तं एवढे नखरे कायले?" मी चहा पीत ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी वहिनी हळदीची चिंधी बांधून वेचायला उभी. शेजारच्या ओळीतली बाई म्हणाली, "अंगठ्याले सुटी देली का वं?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. लाज कशी वाटली नाही मला!

आता चिमटीत काही धरलं की तिचा अंगठा बाहेर कलंडतो. कापूस ती दोन बोटांच्या बेचक्यात ओढते. कुलपाची किल्ली फिरत नाही, ओलं लुगडं पिळता येत नाही. परवा सांडशीतून कढई निसटली, तेल पायावर आलं. पाय पाण्यात धरून ती म्हणते, "माह्याच हातात दम नाही, भाऊजी."

माह्याच! मी ताट सारून उठलो. घरच्यांना वाटलं, भाजी खारट झाली.

दोष तिच्या हाताचा नव्हता. तेव्हा तो अंगठा शिवता आला असता, आणि हे मला ठाऊक होतं. एवढं तिच्यासमोर बसून सांगणं मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.