लाईन आणि कानबाईचा रोट

बायडाबाईंचा राग एकाच इंग्रजी शब्दावर होता. सिल्वासात आल्या दिवसापासून तो त्यांच्या मानगुटीवर बसला होता: लाईन. शिरपूरकडच्या त्यांच्या गावात ओळ होती, रांग होती, तार होती, नळ होता. इथं सगळ्यांचं मिळून एकच. डोकमर्डीतल्या चाळीच्या खोल्या म्हणजे लाईन. पंखा थांबला की लाईन गेली, नळ खळखळला की लाईन आली, आणि नळापुढं हंडे मांडले की तीही लाईनच. नवरा चिंधा धाग्याच्या कारखान्यात लाईनवर, सून दुर्गा रांध्याच्या कंपनीत पॅकिंगच्या लाईनवर. नाक्यावरचं पोरगं पोरींना लाईन मारायचं, आणि लग्न झालं की तेच पोरगं लाईनीवर यायचं.

"ज्याला इतकी घरं," त्या म्हणायच्या, "त्याला पाणी द्यावं, पण चावी देऊ नये."

चावी त्या तशी कुणालाच देत नसत. दूधवाल्याचं माप आपल्या तांब्यानं तपासत. देवळातलं तीर्थसुद्धा आधी हुंगून मग घेत. एका कानबाईपुढं, खानदेशातल्या आपल्या घरच्या देवीपुढं, मात्र त्यांचा संशय हात जोडून उभा राही.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, त्यांच्या खोलीत कानबाई बसे. देवीचा नारळ चिंधानं गावाहून येताना आणला होता आणि त्यावरूनच थोरल्या भावाशी, धुडकूशी, बिनसलं होतं. नारळ थोरल्या घरी राहायचा, असं धुडकूचं म्हणणं. "तुमच्या उंबऱ्याला आता माझा पाय लागायचा नाही," असं बोलून तो उठला, तो उठलाच. तरी रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू काढताना घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ टाकायची रीत, म्हणून त्याच्याही नावाची मूठ दरसाल पडे. रोट खायचा तो भाऊबंदांनीच. परक्याच्या तोंडी कण जाता कामा नये. उरलंसुरलं खड्ड्यात पुरायचं, हात धुतलेलं पाणीसुद्धा त्याच खड्ड्यात.

यंदा देवी बोळवली, आणि दुसऱ्या दिवशी टोपलीवरचं फडकं उचलताच बायडाबाईंना कळलं की रोट कमी झालाय. उंदीर असता तर कुरतडलं असतं. हे फडकं नीट घडी घालून परत झाकलेलं होतं. आणि तशी घडी घरात एकटी दुर्गा घालायची.

नळावर शेजारच्या कोंडाबाईंनी तेल ओतलं. "तुमची सून जेवणाच्या सुट्टीत गेटवर जाते म्हणे. आमची सोनम तिथंच कामाला, तिनं पाहिलं. पदराखाली डबा असतो."

"कुणासाठी?"

"ते मला काय माहीत, बेन. मी आपली हंडा भरायला आले."

संध्याकाळी दुर्गा आली, तेव्हा बायडाबाई दारातच बसल्या होत्या.

"आज डबा कुठं खाल्ला?"

"लाईनवरच, आई."

"सुट्टीत कुठं गेली होती?"

"कुठं नाही. पाण्याला लाईन होती."

पोरीनं वर पाहिलं नाही. तो शब्द असा दोनदा पुढं केलेला पाहून बायडाबाईंचा संशय पक्का झाला. रोट बाहेर जातोय, तोही कुण्या परक्या पुरुषाला. देवीचा कोप एकीकडं आणि घराण्याची अब्रू दुसरीकडं. रात्रपाळीआधी झोपलेल्या नवनाथला, आपल्या लेकाला, त्यांनी उठवलं नाही. पण मनात ठरवलं: उद्या डोळ्यांनी पाहायचं, आणि खरं निघालं तर सुनेला माहेरी धाडायचं. पुन्हा तिचा हात रोटाच्या पिठाला लागायचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षात बसून रांध्याला गेल्या. "कोणत्या लाईनीत उतरायचं, मावशी?" रिक्षावाल्यानं विचारलं. कारखान्यांच्या शेडांचीही लाईनच निघाली. त्यांनी उत्तर न देता बोटानं गेट दाखवलं.

समोर चहाच्या टपरीआड त्या उभ्या राहिल्या. भोंगा झाला. बायका बाहेर आल्या, त्यांत दुर्गा. पदराखालचा डबा सांभाळत ती सरळ वॉचमनच्या केबिनकडं गेली. आत निळ्या शर्टातला माणूस पाठमोरा बसला होता.

"माझे आई," बायडाबाई पुटपुटल्या, "वॉचमन?"

त्यानं डबा घेतला, आधी कपाळाला लावला. तसाच पाठमोरा बाहेर झाडाखाली बसून सावकाश खाल्लं. मग सांडलेले कण तळहातावर वेचले, बुडाशी काडीनं खड्डा उकरला, त्यात ते टाकले आणि त्या खड्ड्यावरच हात धुतला. वरून माती लोटली.

बायडाबाईंचा रागानं पुढं पडलेला पाय तिथंच थांबला. हे परक्याला कोण शिकवणार? माणूस वळला. केस पिकले होते, गालफडं बसली होती, पण मिशीची ठेवण तीच. त्यांचा हात आपोआप पदराकडं गेला आणि डोक्यावरून खाली कपाळापर्यंत आला. जेठ होते ते, थोरले दीर. धुडकू.

दुर्गानं सासूला पाहिलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. "आई, मी सांगणारच होते. पण मामांनी शपथ घातली होती."

धुडकूनं बायडाबाईंकडं पाहिलं नाही. जेठानं भावजयीशी थेट बोलायचं नसतं. तो दुर्गाला म्हणाला, "पोरी, सासूला सांग, गंगाफळाच्या भाजीत मीठ कमी आहे."

बायडाबाईंनीही तोंड दुर्गाकडंच केलं. "त्यांना सांग, ज्याला मीठ लागतं त्यानं चुलीपाशी येऊन मागावं."

"म्हणावं, उंबऱ्याची आण आहे."

बायडाबाईंनी डोळ्यांपुढं आपलं दार आणलं. पत्र्याचं दार, सिमेंटची चौकट, आणि खाली सरळ आतून बाहेर गेलेली फरशी.

"दुर्गे, त्यांना सांग," त्या म्हणाल्या, "आमच्या लाईनीत एकाही खोलीला उंबरा नाही. मालकानं बसवलेलाच नाही. पायाला लागायचं काय?"

धुडकूनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "रविवारी सुट्टी असते, म्हणावं."

परतताना रिक्षात बायडाबाईंनी मनातल्या मनात देवीला नमस्कार केला. सुनेला पिठावरून उठवायला निघाले होते, तूच आवरलंस. पण सिल्वासा जवळ येईतो दुसरा किडा वळवळू लागला. पोरीला शपथ घालणारे मामा म्हणजे तिचे सासरे, आपलेच यजमान. म्हणजे रोट द्यायला यांनीच सांगितलं. म्हणजे भाऊ तिथं आहे हे यांना आधीपासून ठाऊक. आणखी काय काय ठाऊक आहे?

संध्याकाळी चिंधा चहा पीत बसला होता.

"मोठे भाऊ रांध्याला कधीपासून आहेत?"

चिंधानं बशी खाली ठेवली, छताकडं पाहिलं आणि म्हणाला, "लाईन गेली वाटतं."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.