होमपेजवरचा फ्लेक्स

"मॅडम, निस्ता फोटोच उघडतो. तोपण अर्धा."

फोनवर सविता होती. सुरगाण्याकडच्या पाड्यावरची मुलगी. पोलीस भरतीच्या मोफत शिबिरासाठी तिला नाव नोंदवायचं होतं. खाली रेंज नाय म्हणून टेकाडावर येऊन बसली होती. नोंदणीचा उद्या शेवटचा दिवस, आणि पुढच्या वर्षी भरतीला तिचं वय बसणार नव्हतं.

शिबिर नाशिकच्या एका युवक संघटनेचं. तिची वेबसाइट मी बनवली होती, म्हणून शिबिराच्या मेसेजमध्ये अडचणीसाठी माझा नंबर दिला होता. मी साइट उघडली आणि डोकंच सणकलं.

वेबसाइटमध्ये 'पहिली स्क्रीन' फार महत्त्वाची. पान उघडल्यावर, बोटाने वर न सरकवता जेवढं दिसतं तेवढं. तिथे मी एकच वाक्य आणि एकच मोठं बटण ठेवलं होतं: शिबिरासाठी नाव नोंदवा. साधा पांढरा बॅकग्राउंड, कमी वजनाचं पान, म्हणजे साध्या फोनवरही पटकन उघडावं. त्या जागी आता चौकात लागतो तसा फ्लेक्स होता. मध्ये अध्यक्ष हात जोडून, भोवती पदाच्या मानाने लहान होत गेलेले सगळे पदाधिकारी. बटण त्यांच्या पायाखाली, पार तळाला.

संघटनेच्या बॅनरवाल्याने छापायची फाइल जशीच्या तशी साइटवर चढवली होती. वीस फुटी बॅनरची फाइल तळहाताएवढ्या फोनवर. ती उतरायला सविताचा अख्खा नेटपॅक संपला असता. फॉर्मच्या पानावरही डोक्यावर तोच फ्लेक्स, त्यामुळे तिला थेट लिंक पाठवूनही उपयोग नव्हता. पासवर्ड बदललेला. मला कोणी विचारलंही नव्हतं.

मी तडक गंगापूर रोडला संघटनेच्या ऑफिसात गेले. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात.

"या मॅडम. साइट आता कशी भरलेली वाटते," भाऊ म्हणाले. "तुमची फारच मोकळी होती. कार्यकर्ते नाराज होते."

"मोकळी जागा मी मुद्दाम ठेवली होती. नजर बटणावर जावी म्हणून."

"पण नोंदणी तरी कुठे होतेय? आदिवासी भागातून फॉर्मच नाहीत. त्या पोरांना इंटरेस्टच नाही."

हे ऐकलं आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा फोन घ्या आणि खाली पार्किंगमध्ये चला."

बेसमेंटमध्ये रेंज जेमतेम येते. वायफाय बंद करायला लावून मी त्यांना साइट उघडायला सांगितली. आम्ही उभे राहिलो. बऱ्याच वेळाने भाऊंचा फेटा आला. कपाळ आलं. मग काहीच येईना.

"नेट स्लो आहे," भाऊ म्हणाले.

"सुरगाण्यात रोजच असतं."

"मग नाशिकला येऊन भरायचा ना फॉर्म. एसटी आहे की."

मजुरी बुडवून, भाड्याला पैसे घालून, यांचं कपाळ पूर्ण उतरत नाही म्हणून. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. गाडीपाशी त्यांचा ड्रायव्हर उभा होता, त्याच्यासमोर सांगितलं. शिबिर दुर्गम भागातल्या मुलींसाठी आहे हे वाक्य त्यांनीच लिहून दिलं होतं, तेही ऐकवलं.

भाऊंनी फोन गाडीच्या बॉनेटवर ठेवला. मग पासवर्ड दिला. "दोन दिवस काढा. नंतर परत लावायचा."

मी तिथेच, जिन्यात बसून फ्लेक्स काढला. संध्याकाळी सविताचा फॉर्म आला. तिच्या मागोमाग त्याच भागातले बरेच आले. ज्यांना इंटरेस्ट नव्हता, तेच सगळे.

शिबिराच्या उद्घाटनाला भाऊंनी सविताला गुलाब दिला आणि तो फोटो मला पाठवला. 'होमपेजवर मोठा टाका.' मी टाकला नाही. फ्लेक्सही परत लावला नाही. आजवर कोणाची तक्रार नाही, कारण भाऊंनी ती साइट पुन्हा उघडलेलीच नाही.

आता नवीन संस्था आली की मी आधी विचारते, साइट कोणासाठी? उत्तर ठरलेलं असतं, समाजासाठी. मग म्हणते, त्यातल्या एका माणसाचं नाव सांगा. बहुतेक ठिकाणी अशा वेळी चहा मागवला जातो.