रंगूनला आलेली थोरली

आमची बैलगाडी तलवाड्याच्या वेशीबाहेर पडली तेव्हा माझ्या सासूबाई बैलांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. रडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्या हुकूम सोडायच्या. "दोन पावसाळं काढा अन् माघारी या," त्या मला म्हणाल्या, "अन् तिकडं म्हालक्ष्म्या मांडू नगंस. मांडल्यास की चूल येगळी झाली समज." एवढं बोलून बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि बाजूला झाल्या. शहागडला नावेतून गोदावरी ओलांडली, जालन्याला आगगाडीत बसलो आणि मद्रासेहून जहाजात. जहाजात मला पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं, पण आत्याबाईंचं ते बोलणं तेवढं ठरून बसलं होतं.

इथं रंगूनला जन्मलेल्या आपल्या मुलींना हे सांगावं लागतं, म्हणून लिहिते. भादव्यात आपल्या घरी महालक्ष्म्या येतात, थोरली आणि धाकटी, सख्ख्या बहिणी, तीन दिवसांच्या माहेरपणाला. सगळ्या भावांत मिळून त्या एकाच घरी बसतात. भाऊ वेगळे निघाले, तरच सासू देवींचे पितळी मुखवटे सुनेच्या ओटीत घालते. मग ती सून तिच्या घरची आणि सासू आपल्या घरची. मला वेगळं व्हायचं नव्हतं. वयानं लहान होते, पण तलवाड्याच्या त्या चुलीवरचा हक्क सोडायची माझी मुळीच तयारी नव्हती.

ह्यांनी गेवराईला उर्दू शिकून घेतलं होतं. निजामाच्या राज्यात त्याशिवाय कारकुनी मिळत नसे. त्याच उर्दूवर ह्यांना रंगूनच्या लाकडाच्या वखारीत नोकरी लागली. घर वखारीमागंच होतं, खांबांवर उभं केलेलं, सगळं लाकडाचं. पहाटे उठून सारवायला जमीनच नाही म्हटल्यावर दिवस कुठून सुरू करायचा तेच मला कळेना. पहिले कित्येक दिवस मी नुसती फळ्या पुसत बसायचे. ज्वारी नव्हती, भाकरी नव्हती. भातानं पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही.

शेजारी मा खिन नावाची ब्रह्मी बाई राहायची. गालांना चंदनासारखा लेप, अंबाड्यात फूल आणि तोंडात ही जाडजूड विडी. बाईनं विडी ओढायची म्हणजे काय, म्हणून मी आधी तिच्याकडं बघायचीसुद्धा नाही. एकदा ती मला ओढतच बाजाराला घेऊन गेली. तिथं एका टोपलीत हिरवीगार अंबाडी! "अगं बाई, आमची अंबाडी!" मी भर बाजारात ओरडले. मा खिननं ती झिंगे घालून रांधली, मी तांदळाच्या कण्या घालून. दोघींनी एकमेकींच्या भाजीला नाकं मुरडली, आणि तिथून आमचं जमलं ते आजतागायत.

भादवा आला की मात्र माझा जीव थाऱ्यावर नसायचा. मी पुरण घालायचे, सोळा भाज्या जमवायचे, तांदळाच्या पिठाची आंबील करायचे आणि कोपरा रिकामाच ठेवायचे. हे म्हणायचे, "मांड की हितंच. देवीला काय तलवाडा अन् काय रंगून!" मी म्हणायचे, "देवीला न्हाई कळायचं, आत्याबाईला कळंल." दोनाचे किती पावसाळे झाले ते आम्ही मोजणं सोडून दिलं. आधी मुलं लहान म्हणून, मग ह्यांची बढती म्हणून, मग मुलांची शाळा म्हणून राहिलो. दरवर्षीचं कारण खरंच असायचं.

एका भादव्याच्या तोंडावर आमच्या गेवराईकडच्या उमापूरचे एक गृहस्थ ह्यांच्या वखारीत कामाला आले. आल्या आल्या त्यांनी माझ्या हातात लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं गाठोडं ठेवलं. "तुमच्या सासूबाईनं दिलंय." हातात घेताच आत पितळ आहे हे कळलं. म्हणजे मुखवटे दिले. म्हणजे आत्याबाईंनी आमची वाट बघणं सोडलं, आम्हाला वेगळं काढलं. परक्या पुरुषासमोर मी ढसाढसा रडले. ते बिचारे घाबरून म्हणाले, "वैनी, आदी सोडून तर बगा."

आत एकच मुखवटा होता. थोरलीचा.

आत्याबाईंचा निरोप त्यांनी तोंडपाठ करून आणला होता. "थोरली तुज्यापाशी, धाकटी माज्यापाशी. म्या तुला येगळं केलं न्हाई. दोगी भनी शेजारी बसवायच्या आसतील तर हिला घिऊन हिकडं ये. अन् तवर तिला एकलीला करमायचं न्हाई, शेजारी कुनीतरी बसव." सबंध मराठवाड्यात कुठल्या सासूनं महालक्ष्म्यांची जोडी फोडली असेल असं मला वाटत नाही. आत्याबाईंनी फोडली, आणि तीसुद्धा आम्हाला जोडून ठेवायला.

त्या वर्षी मी थोरलीला उंबऱ्यातून आत आणली. मागून मा खिन विडी दाराबाहेर ठेवून ताट बडवत आली, भलतीच खुशीत. सवाष्ण म्हणून तिलाच जेवायला घातलं, थोरलीच्या शेजारी बसवून. आंबील तिला अजिबात आवडली नाही, पण पानात ठेवली नाही.

पुढं काही वर्षांनी आत्याबाई वारल्या. आम्हाला कळलं तेव्हा त्यांचे दिवसही होऊन गेले होते. धाकटी आता माझ्या जावेकडं आहे. इथल्या आपल्या बाया मला विचारतात, तुमचं घर कोणतं, हे की ते? मला सांगता येत नाही. इथं सूनमुख पाहिलं, इथल्या बाजाराशी भांडले, इथंच केस पिकले. पण माझ्या देवघरात देवी अर्धीच आहे, आणि उरलेली तलवाड्याला आहे.

दरवर्षी तिसऱ्या दिवशी थोरलीला निरोप देताना मी तिच्या कानाशी सांगते, "पुढच्या वर्षी नक्की जाऊ बरं का, धाकटीकडं." आता तिचाही माझ्यावर विश्वास उरला नसेल. तरी भादव्यात ती येते.