नावानिशी

चाकूरहून एक काका दर रविवारी एसटीनं लातूरच्या आमच्या चर्चला यायचे. प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या, की सगळ्यांत आधी तेच उभे राहायचे. कंडक्टरचा गुडघा, शेजारणीची म्हैस, माझ्या आईचा मोतीबिंदू. सगळ्यांसाठी नावानिशी मागायचे. मी चिडून घड्याळाकडं बघायचो.

एकदा विचारलं, "काका, तुमच्यासाठी काही मागायचं का?"

"माझं बरं हाय की," म्हणाले अन् सतरंजीची घडी घालू लागले.

मग तीन रविवार ते आलेच नाहीत. चौथ्या रविवारी मी त्यांच्यासाठी प्रार्थना मागायला उभा राहिलो. पाळकसाहेबांनी नाव विचारलं. मी मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं. काकांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.