कुंचीचं माप

शेवगावात मी घरीच ब्लाउज शिवते. त्यामुळे धाकट्या जावेच्या मुलाची बारशाची कुंची शिवणं माझ्याच गळ्यात पडलं. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची. तिच्या वेळी घरात पेढा आला नव्हता, याच्या वेळी गल्लीभर वाटले. माझ्या पोटात दुखत होतं, कशाला लपवू?

सासूबाई रोज दोन्ही बाळांची टाळू तेलानं भरायच्या. माझ्या मुलीची टाळू मऊ लागायची, त्याची मात्र टम्म. "बघ, कशी भरलीय! माझ्या तेलाचा गुन हाय. अन् कपाळ केवढं, लई मोठा साहेब व्हनार," म्हणायच्या. तेल एकच, हात एकच, मग माझ्याच पोरीला कमी का? खरंच एवढं मोठं कपाळ आहे का, हे बघायला मी रोज गुपचूप त्याच्या डोक्याला टेप लावायचे आणि आकडा शिवणाच्या वहीत लिहायचे.

बारशाच्या आदल्या दिवशी कुंची घातली, तर बंद हनुवटीखाली पोचेनात. जाऊ हसली. "ताई, माप चुकलं वाटतं."

माझं माप? मी चिडले. तेवढ्यात बाळाचं वजन करायला आशाताई आल्या. त्यांच्यासमोर मी वही आपटली, पुन्हा टेप लावला. आठ दिवसांत पाऊण इंच वाढ. "बघा, माझी चूक न्हाई!"

आशाताईंनी टाळूवर हात ठेवला, बाळाचे खाली ओढलेले डोळे पाहिले.

"रोज कशाला मोजलं?"

"कुंचीसाठी," मी म्हणाले.

"बारसं ऱ्हाऊ द्या. आत्ताच्या आत्ता नगरला न्या."

बाळाच्या डोक्यात पाणी साठत होतं. दोन दिवसांत ऑपरेशन झालं, डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घातली. वेळेत आणलंत म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

आता तो चार वर्षांचा आहे, घरभर पळतो. वाढदिवसाला केक त्याचाच मोठा येतो आणि माझ्या पोटात अजून दुखतं. जाऊ त्याला आधी माझ्या पाया पडायला लावते. "मी आई असून मला दिसलं न्हाई, ताईंना दिसलं," म्हणते. सगळे माझ्या मायेचं कौतुक करतात.

ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात माझ्या मुलीचं एकही माप नाही. तिची कुंची मी अंदाजानं शिवली होती.